झेवियर म्हणजे नवघरे

पाटीवर दोन नावं होती आणि त्यातल्या एकावर कुणीतरी काळा रंग मारला होता. स्पेनमध्ये उतरून तीन दिवस झाले होते. ओळखीचं असं काहीतरी पहिल्यांदाच दिसलं.

मी बेळगावचा. गेली पंचवीस वर्षं पुण्यात राहतो, पण पाटी वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही ही खोड काही सुटली नाही. आमच्याकडे पोरं अक्षरं शिकतात ती पाट्यांवरून, आणि कुठलं अक्षर कधी डांबराखाली जातं हेही तिथंच शिकतात. बेळगाव, बेलगाम, बेळगावी. गाव एक, नावं तीन, आणि कोण कुठलं नाव घेतो त्यावरून तो कुठल्या बाजूचा हे चहाच्या टपरीवरचा पोऱ्याही सांगेल. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी कागदांवर 'बेळगावी' झालं. त्याच तारखेला गावातली मराठी माणसं १९५६ पासूनच्या दुखण्याचा काळा दिवस पाळतात. राज्योत्सवाचे झेंडे आणि काळ्या फिती एकाच रस्त्यावरून जातात, आणि मध्ये पोलीस उभे असतात.

तर पाटीवर वर 'पाम्प्लोना' आणि खाली 'इरुन्या' असं लिहिलं होतं. एकाच शहराची ही दोन नावं, पहिलं स्पॅनिश आणि दुसरं बास्क, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांच्या भाषेतलं. रंग वरच्या नावावर होता. दहा-पंधरा किलोमीटर पुढं दुसरी पाटी आली, तिथं खालच्या नावावर. म्हणजे रंगाचे डबे दोन्हीकडे परवडतात. गाडी चालवत होता माझा भाचा. बिल्बाओला एका कंपनीत नोकरीला आहे, चार वर्षं झाली. म्हणाला, "मामा, तुम्ही डोंगर बघा की. पाट्या काय बघताय?"

डोंगरही बघितले, खोटं कशाला बोलू. स्पेन म्हटलं की डोळ्यांसमोर लाल माती, बैल आणि उन्हात तापलेल्या पांढऱ्या भिंती येतात. हा उत्तर स्पेन वेगळाच. हिरवा, ओला, ढगात डोकं घातलेला. आंबोलीला जुलैत गेल्यासारखं. बिल्बाओत गुगेनहाइम संग्रहालय पाहिलं, १९९७ सालचं, फ्रँक गेरीचं, टायटॅनियमचे पत्रे चढवलेलं. त्यावर इतक्या लोकांनी लिहिलंय की मी गप्प बसतो. मला जास्त आवडला तो नदीच्या तोंडाशी असलेला १८९३ सालचा झुलता पूल. खरं तर पूल कसला, उंच लोखंडी सांगाड्याला तारांनी टांगलेला पाळणा तो. माणसं आणि मोटारी पोटात घेऊन या काठावरून त्या काठावर जातो, आणि शिडाची जहाजं आपली मधून निघून जायची. आजही रोज चालू आहे. या गावानं लोखंडावर पोट भरलं. खाणी, भट्ट्या, जहाजबांधणी. त्यातलं बरंचसं १९८० च्या दशकात बंद पडलं आणि त्याच काठावर संग्रहालय आलं.

सोमवारी बिल्बाओजवळच्या गेर्निका या गावी गेलो. सोमवारीच जायचं, असं भाच्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण सोमवारी तिथला बाजार असतो. २६ एप्रिल १९३७ लाही सोमवार होता. दुपारी साडेचारच्या सुमारास हिटलरच्या काँडर लीजन या विमानदलाची आणि मुसोलिनीची विमानं आली आणि तीनेक तास बॉम्ब टाकत राहिली. स्पेनचं यादवी युद्ध चालू होतं, विमानं बंडखोर सेनापती फ्रँकोच्या, म्हणजे पुढच्या हुकूमशहाच्या, मदतीला आलेली. गावातली बहुतेक घरं जळाली. बास्क सरकारनं तेव्हा १,६५४ मृत सांगितले. अलीकडचे इतिहासकार दीडशे ते तीनशेच्या दरम्यान सांगतात. फ्रँकोच्या बाजूनं काय सांगितलं? गावकऱ्यांनीच, लालभाईंनीच, जाताना गाव पेटवलं. पुढची कित्येक वर्षं शाळेत हेच शिकवलं गेलं. म्हणजे ज्याचं घर जळालं त्यानं मुलांना घरात एक सांगायचं आणि मुलांनी शाळेत दुसरं लिहायचं.

या बॉम्बहल्ल्यावरचं पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र माद्रिदला आहे. गेर्निकात आहे ती त्याची फरशांची प्रतिकृती, एका भिंतीवर, आणि खाली लिहिलंय 'गेर्निका गेर्निकाला'. म्हणजे चित्र आम्हाला द्या. मागणी जुनी आहे, उत्तर आलेलं नाही.

बाजारात एक म्हातारी बसली होती. पुढ्यात शेंगा, कांद्याच्या वेण्या आणि बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या. गेर्निकाच्या मिरच्या म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. तेलात परतून वर मीठ टाकायचं, बास. तिखट? आमच्या मिरच्यांपुढं त्या काकड्याच. म्हातारी भाच्याशी बोलत होती आणि दर वाक्याला "बाई, बाई" म्हणत होती. मला वाटलं, हिला मराठी कुणी शिकवलं? बास्कमध्ये 'बाई' म्हणजे 'हो'. सगळा दिवस गावातले पुरुषसुद्धा एकमेकांना बाई-बाई म्हणत होते, आणि मी एकटाच हसत होतो.

भाच्यानं मामा भारतातून आलेत म्हणून सांगितल्यावर तिनं स्वतःचं वय सांगितलं, कारण ऐंशी ओलांडलेल्या बायकांना जगात सगळीकडे ते सांगायचं असतं. "लाउरोगेइता बी." भाचा म्हणाला, ब्याऐंशी. मी म्हटलं, फोड करून सांग. लाउ म्हणजे चार, होगेइ म्हणजे वीस, बी म्हणजे दोन. चार विसा आणि दोन. चाळीसला दोन विसा, साठला तीन विसा, सत्तरला तीन विसा आणि दहा. माझी आजी बेळगावातल्या शहापूरच्या घरात जोंधळ्याची मापं अशीच मोजायची. "चार इसा झाले की रं," म्हणायची. शाळेत शिकलेल्या आम्हा नातवंडांना त्याची लाज वाटायची. आम्ही तिला 'ऐंशी' शिकवायला बघायचो. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा इसातच मोजायची.

तिथून टेकाडावर ते झाड. ओकचं. बिस्काय प्रांताच्या पंचांची सभा शतकानुशतकं या झाडाखाली भरायची, आणि जो कुणी इथला स्वामी होईल, पुढं कास्तीलचा, म्हणजे मध्य स्पेनमधल्या राज्याचा, राजासुद्धा, त्यानं इथं येऊन शपथ घ्यायची की तुमचे जुने हक्क मी मोडणार नाही. या हक्कांना फुएरो म्हणतात. राजा आधी शपथ घेणार, मग लोक त्याला मानणार, हा क्रम. १८७६ मध्ये ते हक्क गेले. १९३६ च्या ऑक्टोबरात बास्कांच्या पहिल्या अध्यक्षानं, आगिर्रेनं, शपथ घेतली ती याच झाडाखाली. सहा महिन्यांनी बॉम्ब पडले. झाड वाचलं.

आता जे झाड उभं आहे ते मात्र पोरसवदा. २०१५ मध्ये लावलेलं. त्याच्या आधीचं वाळलं, त्याच्या आधीचं १८६० ते २००४ टिकलं, आणि त्याच्याही आधीच्याचं खोड एका गोल मंडपात खांबांच्या मध्ये जपून ठेवलंय. एक मेलं की त्याच्याच बियांपासून वाढवलेलं रोप त्या जागी लावतात. मी त्या जुन्या खोडाजवळ बराच वेळ थांबलो. सुरकुतलेलं, भेगा पडलेलं, सिमेंट भरल्यासारखं राखाडी. एक शाळेची सहल आली होती. बाई मुलांना काहीतरी सांगत होत्या आणि एक पोरगा खांबाला टेकून चिप्स खात होता. त्याला नव्या झाडाचीही पर्वा नव्हती आणि जुन्याचीही. मला तो पोरगा आवडला.

आता थोडं व्याकरण. ज्याला कंटाळा येईल त्यानं हा परिच्छेद सोडावा, पण मला या प्रवासात याच्याइतकं दुसरं काही लागलं नाही. बास्क भाषेला, म्हणजे एउस्काराला, जगात नातलग नाही. स्पॅनिश, फ्रेंच, मराठी, फारसी ही सगळी लांबची का होईना एका खानदानातली. एउस्कारा एकटी. त्या सगळ्या येण्याच्या आधीपासून डोंगरात बसून असलेली. भाचा संध्याकाळच्या वर्गाला जातो. त्याची वही मी रात्री चाळत होतो. 'गिसोना एतोर्री दा' म्हणजे माणूस आला. 'गिसोनाक सागार्रा यान दू' म्हणजे माणसानं सफरचंद खाल्लं. आता 'गिसोना' आणि 'गिसोनाक' बघा. माणूस आणि माणसानं. आला तर नुसता माणूस, खाल्लं तर माणसा-नं. भाचा म्हणाला, वर्गातले इंग्लिश आणि जर्मन या 'क'पुढं डोकं धरून बसतात. मला मात्र दोन मिनिटांत कळलं, आणि तुम्हालाही कळलं असेल. आपला हा 'ने' मुख्यतः भूतकाळात येतो, त्यांचा 'क' सगळ्या काळांत. तेवढाच फरक.

गंमत याच्या पुढं आहे. आम्ही बेळगावचे लोक हा 'ने'चा कारभार अर्धा गुंडाळून ठेवलेले आहोत. आम्ही म्हणतो, "मी काम केलो." "मी जेवण केलो." पुण्यात पहिल्या वर्षी हॉस्टेलवर माझं यावरून जे काही हसं झालं ते आजही आठवतं. 'केलो' म्हणजे गावंढळ, अशुद्ध. पण ते आमच्याकडे आलं शेजारच्या कन्नडकडून. कन्नडमध्ये क्रियापद करणाऱ्याच्या मागनं जातं, खाल्लेल्या वस्तूच्या मागनं नाही. शेकडो वर्षं दोन भाषांची माणसं एका विहिरीवर पाणी भरली, त्याची ती खूण. ज्या भाषेविरुद्ध आम्ही मोर्चे काढले तीच आमच्या क्रियापदात बसलेली. बिल्बाओतल्या त्या पाचव्या मजल्यावर रात्री साडेअकरा वाजता मी भाच्याला हे सांगत होतो. तो म्हणाला, "मामा, झोपा आता. उद्या मी ऑफिसला दांडी मारून तुम्हाला झेवियरच्या घरी नेणार आहे."

म्हणून ती पाम्प्लोनाची वाट आणि त्या पाट्या.

वाटेत एका बासेर्रीत थांबलो. बासेर्री म्हणजे डोंगरउतारावरचं शेतघर. खाली गुरं, वर माणसं, मोठं पसरट छप्पर. भाच्याच्या ऑफिसातल्या एका बाईंचं माहेर. दारावर एक वाळलेलं काटेरी फूल ठोकलेलं होतं, थाळीएवढं, सूर्यासारखं. त्याला एगुस्कीलोरे म्हणतात, सूर्यफूल, पण आपलं सूर्यफूल नव्हे. रात्री काही वाईट दारात आलं तर त्याला आधी या फुलाचे सगळे केसर मोजावे लागतात. मोजून व्हायच्या आत उजाडतं. लिंबू-मिरचीपेक्षा मला ही युक्ती जास्त पटली. यात भुताला नुसतं कामाला लावलंय.

बाई म्हणाल्या, गावात आम्हाला आडनावानं कुणी ओळखत नाही, घराच्या नावानं ओळखतात. घराला नाव असतं, आणि तेच नाव माणसाला लागतं. भाडेकरू आला तरी त्याला घराचंच नाव. बास्क आडनावं मुळात घरांची आणि गावांची नावं आहेत. लॅटिन अमेरिकेचा मुक्तिदाता सिमॉन बोलिव्हार याचं घराणं मूळचं बिस्कायमधल्या बोलिबार या गावचं. बोलिबार म्हणजे गिरणीचं खोरं. बोलिबारकरच की. आणि रीत अशी की बासेर्रीचे तुकडे पाडायचे नाहीत. मुलांपैकी एकाच्या नावे सगळं घर, मग तो थोरला असो, धाकटा असो, नाहीतर मुलगी. बाकीच्यांनी समुद्र धरायचा, चर्च धरायचं, नाहीतर अमेरिका. हे ऐकून मी जरा गप्प झालो. शहापुरातलं आमचं घर आम्हा चार भावंडांच्या नावे आहे. त्यामुळे ते कुणाचंच नाही आणि आठ वर्षं कुलपात आहे.

बास्कमध्ये घराला 'एचे' म्हणतात आणि नव्याला 'बेरी'. एचेबेरी म्हणजे नवं घर. हे आडनाव बास्क मुलखात पोत्यानं सापडतं. एचेबेर्रिया, एचेवेर्रिया, चावार्री अशी त्याची पिल्लंही खूप. नाबार्रा प्रांताच्या पूर्व कडेला असंच एक एचेबेरी होतं. बोलून बोलून झिजलं आणि त्याचं शाविएर झालं. पुढं स्पॅनिशनं त्याचं हाविएर केलं, आणि इंग्रजी वळणानं आपल्याकडे झालं झेवियर. शिकागोपासून सावंतवाडीपर्यंत जितक्या शाळा-कॉलेजांवर हे नाव आहे त्या सगळ्यांवर खरं म्हणजे 'नवं घर' असं लिहिलंय. आपल्याकडे नवघरे आडनाव आहेच. तर मुंबईतलं १८६९ सालचं ते कॉलेज म्हणजे संत नवघरे महाविद्यालय. हे मी गाडीत मोठ्यानं म्हटलं तेव्हा भाच्यानं गाडी बाजूला घेतली, इतका हसला.

हाविएरचा किल्ला लहान आहे. आपल्या एखाद्या सरदाराच्या गढीएवढा. आज दिसतो तो बराचसा नंतर पुन्हा उभारलेला, आणि त्याचं कारणच मला इथं ओढून घेऊन आलं होतं. फ्रान्सिस झेवियर इथं १५०६ मध्ये जन्मला. वडील नाबार्राच्या राजाचे मोठे अधिकारी. नाबार्रा तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. १५१२ मध्ये कास्तीलचा कारभार बघणाऱ्या फर्नांदो राजाच्या सैन्यानं ते घेतलं. पोर सहा वर्षांचं. १५१५ मध्ये वडील गेले. घरातली माणसं हरलेल्या राजाच्या बाजूची, म्हणून १५१६ मध्ये हुकूम आला आणि या घराचे बुरूज पाडले, तट पाडले. पोर दहा वर्षांचं. त्यानं ते पाहिलंच असणार. मी तिथल्या अंगणात उभं राहून हिशोब करत होतो. घरावर चढलेली माणसं, खाली पडणारे दगड, आई आत.

१५२१ मध्ये नाबार्राच्या लोकांनी राज्य परत घ्यायचा प्रयत्न केला. फ्रान्सिसचे थोरले भाऊ त्या लढाईत उतरले. पाम्प्लोनाचा किल्ला तेव्हा कास्तीलच्या बाजूनं लढवत होता एक दुसरा बास्क, लोयोलाचा इग्नासियो. तोफेचा गोळा त्याच्या पायाला लागला, पाय मोडला, आणि बिछान्यात पडल्या पडल्या त्याला देव आठवला. आठ वर्षांनी पॅरिसला सांत-बार्ब कॉलेजात या इग्नासियोला खोली मिळाली ती फ्रान्सिस झेवियरची. ज्याच्या भावांशी लढताना पाय मोडला त्याचाच रूममेट. एक जिंकलेल्या बाजूचा लंगडा, एक हरलेल्या घरचा हुशार पोरगा. दोघांनी आणखी काही साथीदारांसह जेझुइट हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ उभा केला. १६२२ मध्ये एकाच दिवशी दोघे संत झाले. पाम्प्लोनात कोण बरोबर होतं, यावर त्या खोलीत त्यांचं काय बोलणं झालं असेल? मला तरी त्यांच्या प्रार्थनांपेक्षा ते भांडण ऐकायला आवडलं असतं.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. ६ मे १५४२ ला तो गोव्यात उतरला. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, आणि देह जुन्या गोव्यात आला. तिथं तो 'गोंयचो सायब' झाला. दहा वर्षांतून एकदा तो देह लोकांना दर्शनासाठी खाली आणतात. १९८४ च्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या बसमधून घाट उतरून आम्ही गेलो होतो. रांगेत पाच तास. मला आठवतो तो काचेतला एक काळपट पाय आणि माझ्या पुढच्या कारवारच्या बाईच्या डोक्यातला अबोलीचा गजरा.

त्याचं एक पत्र आहे, १५४४ चं. तमिळ किनाऱ्यावर कोळ्यांमध्ये काम करत असतानाचं. त्यात तो लिहितो की त्यांची जन्मभाषा मलबारी आणि माझी बिस्कायची, म्हणून आम्हाला एकमेकांचं कळत नव्हतं. मलबारी म्हणजे इथं तमिळ, आणि बिस्कायची म्हणजे बास्क. पोर्तुगीज राजाचा पाठवलेला, लॅटिन शिकलेला, पॅरिसचा पदवीधर, आणि 'माझी भाषा' म्हणताना त्याला आठवली ती आईची. हे वाचल्यावर मला तो गृहस्थ पहिल्यांदा माणूस वाटला. पण लगेच दुसरं पत्र आठवतं, १५४६ चं, पोर्तुगालच्या राजाला लिहिलेलं, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय, पाठवा म्हणून. ते आलं १५६० मध्ये, तो गेल्यावर. आणि १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनं कोंकणी बोलायला बंदीचा हुकूम काढला. हुकूम त्याचा नव्हे. प्रार्थना लोकांच्या भाषेत करून घ्यायची त्याची धडपड होती. तरी ज्याचे बुरूज पाडले गेले त्यानंच दुसऱ्याच्या अंगणात पहार मागवली, हे मला त्या अंगणात उभं राहून गिळता आलं नाही. आजही येत नाही.

किल्ल्याच्या एका लहान चॅपेलमध्ये अक्रोडाच्या लाकडाचा ख्रिस्त आहे. क्रुसावरचा, आणि हसतोय. खरोखर ओठांचे कोपरे वर गेलेले. आणि त्याच्या भोवती भिंतीवर सांगाडे नाचताहेत, मृत्यूचा नाच. मी इतकी चर्चेस पाहिली, हसणारा असा नाही पाहिला. झेवियर मेला तेव्हा या मूर्तीला रक्ताचा घाम फुटला, असं इथले लोक सांगतात. तिकीट खिडकीवरच्या बाईनं "कुठून?" विचारलं. मी म्हटलं, भारत. ती म्हणाली, "गोवा?" मी म्हटलं, नाही, पण जवळच. तिला ते उत्तर पुरलं.

परत येताना भाच्याला विचारलं, इथं दोन नावांच्या पाट्या आहेत, बास्क शाळा आहेत, १९७९ पासून बास्कांची स्वायत्तता आहे, करही स्वतः गोळा करतात. मग रंग कशाला मारतात? तो म्हणाला, नाबार्रात गोष्ट वेगळी. १९८६ च्या कायद्यानं प्रांताचे तीन भाग पाडले. एकात बास्कला मान्यता, एकात अर्धीमुर्धी, एकात नाही. १९८६ म्हटल्यावर मला दुसरंच आठवलं. त्या वर्षी बेळगावात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं आणि गोळीबार झाला. मी कॉलेजात होतो. त्या दिवशी मी घरी होतो, कारण आईनं बाहेरून कडी लावली होती. पुढं पुष्कळ वर्षं मला त्या कडीचा राग होता. नंतर राहिला नाही.

बास्कांनी वेगळं पाहिलंय, हेही सांगितलं पाहिजे. फ्रँकोच्या काळात मुलांना बास्क नावं ठेवता येत नव्हती. शिक्षिका घराच्या खोलीत चोरून बास्क शाळा चालवायच्या. त्याच काळात, १९५९ मध्ये, एता ही बास्क स्वातंत्र्य मागणारी सशस्त्र संघटना निघाली, आणि हुकूमशाही संपल्यावरही तिच्या गोळ्या थांबल्या नाहीत. आठशेहून जास्त माणसं मारली तिनं. त्यात नगरसेवक होते, पत्रकार होते, आणि बास्क आडनावाचेही होते. २०११ मध्ये बंदुका थांबल्या, २०१८ मध्ये संघटना विसर्जित झाली. बासेर्रीतल्या त्या बाई हे सांगताना भाकरी कापावी तसा पाव कापत होत्या. म्हणाल्या, आमच्या घरात एक काका इकडचा आणि एक मामा तिकडचा. तीस वर्षं जेवताना फक्त फुटबॉलवर बोललो.

भाच्याची सुट्टी संपली. पश्चिमेकडं मी एकटा निघालो, मीटर गेजच्या गाडीनं. हो, मीटर गेज. आमची जुनी मिरज-लोंढा-वास्को होती तशीच, एक मीटरची. बिल्बाओहून सांतांदेर, ओविएदो करत ही गाडी डोंगर आणि समुद्राच्या मधून रांगत जाते. प्रत्येक गोठ्यापाशी थांबते आणि वेळेवर येईल असं कुणी गृहीत धरत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते निव्वळ रुळांच्या रुंदीवरून.

आस्तुरियास प्रांत मी घाईत पाहिला. तिथं सफरचंदाची सीदर पाजतात. वाढपी बाटली डोक्याच्या वर धरतो, पेला कमरेखाली, आणि न बघता बारीक धार सोडतो. दोन घोट असतात, लगेच प्यायचे, आणि तळाशी उरलेलं जमिनीवर टाकायचं. माझ्या चपला दोन दिवस आंबल्या होत्या. तिथं लोक म्हणतात, आस्तुरियास हाच स्पेन, बाकीचा जिंकलेला मुलूख. इथूनच पेलायो नावाच्या राजानं आठव्या शतकात मुसलमानी फौजेला अडवलं ना, म्हणून. आणि तिथल्याच एका गावाच्या भिंतीवर 'आमच्या आस्तुरियन भाषेला राजमान्यता द्या' म्हणून रंगवलेलं. दोन्ही एकाच वेळी. हे मला अजिबात विचित्र वाटलं नाही. 'जय महाराष्ट्र' म्हणत कर्नाटकाच्या रेशन दुकानात उभा राहिलेला माणूस मी आहे.

वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियात पुन्हा पाटी. आ कोरुन्या शहराच्या स्पॅनिश नावात सुरुवातीला 'ला' येतो, गालिसियन नावात नुसता 'आ'. रस्त्यावरच्या एका जुन्या पाटीवर एवढं मोठं नाव शाबूत ठेवून फक्त पहिला 'ल' खरवडून काढला होता. एकच अक्षर. आमच्याकडे डांबराची बादलीच ओततात. इतकं नाजूक काम मी पाहिलं नव्हतं.

गालिसियन लोकांबद्दल बाकीचा स्पेन म्हणतो की जिन्यात भेटला तर वर चाललाय की खाली, कळत नाही. आणि काहीही विचारा, उत्तर एकच, "देपेंदे." अवलंबून आहे. भाच्यानं मला निघताना हे पढवून पाठवलं होतं. सांतियागो या तीर्थक्षेत्री पाऊस धो धो पडत होता, पाठीवर शिंपले बांधलेले यात्रेकरू चौकात चिंब होऊन फोटो काढत होते, आणि मी एका जुन्या घराच्या जिन्यात घरमालकीणबाईंसमोर उभा होतो. सत्तरीच्या असाव्यात. तीन-चार शब्दांत आमचं बोलणं चाललं होतं. उद्या पाऊस? "देपेंदे." मी हसलो, त्यांना कळेना का. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? मी तोंड उघडलं. भारत म्हणू? पुणे? महाराष्ट्र म्हटलं तर खोटं, कर्नाटक म्हटलं तर आमच्या गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

"देपेंदे," मी म्हटलं.

बाई मनापासून हसल्या आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "आ चाबे." मी पुन्हा म्हणायला लावलं. चाबे. स्पॅनिशमध्ये हिलाच 'याबे' म्हणतात, आठवडाभर मी तेच ऐकत होतो. गालिसियन आणि पोर्तुगीज एकाच पोटच्या. इथला 'चावे' दक्षिणेला लिस्बनला गेला, तिथून जहाजावर चढून गोव्याला, तिथून घाट चढून आमच्या शहापूरच्या घराच्या खुंटीवर. चावी. दुसरी तशीच एक माझ्या पाकिटात होती, आठ वर्षं न वापरलेली.

खोली वर होती. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हातांनी काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि पुढं ढकललं. पावसात लाकूड फुगतं. दार जरा वर उचलून लोटायचं, म्हणजे लागतं. हे मला खुणेनं सांगायची गरज नव्हती.